क्यूबर्टची पाहुणी भूमिका

डिस्नेचा ‘रेक-इट राल्फ’ हा अ‍ॅनिमेशनपट २०१२ साली आला. रात्री गेम पार्लर बंद झालं की त्यातल्या यंत्रांमधली पात्रं काम संपवून बाहेर पडतात आणि वायरींच्या बोगद्यांतून एका भव्य स्टेशनात येतात. हे स्टेशन म्हणजे पार्लरमधला एक्स्टेन्शन बोर्ड. एकेक प्लग म्हणजे एकेक फलाट. घरी निघालेल्यांच्या या गर्दीत एका कडेला नारिंगी रंगाचा, लांब सोंडेचा, हात नसलेला एक जीव जमिनीवर बसलेला दिसतो. सोबत त्याच्याच गेममधली मंडळी आणि मदत मागणारी पाटी. त्यांचं यंत्र बंद करून हलवलेलं आहे, त्यामुळे सगळेच उघड्यावर आलेत. नायक राल्फ त्याच्यापाशी थांबतो आणि पॅकमॅनच्या गेममधून आणलेली चेरी त्याला देतो. तो जीव काहीतरी अगम्य बडबडतो आणि कथा पुढे सरकते.

हा क्यूबर्ट. १९८२ साली अमेरिकेत गाजलेल्या एका आर्केड गेमचा नायक. त्याच्या इंग्रजी नावात ‘क्यू’ आणि ‘बर्ट’ यांच्यामध्ये एक चांदणी असते. आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांनी त्याचं यंत्र कधी पाहिलेलं नाही, तरी तेवढ्या छोट्या प्रसंगात तो लक्षात राहतो. जुनं, गाजलेलं पात्र एखाद्या चित्रपटात घडीभर येऊन जातं तेव्हा बहुधा ओळखीचा चेहरा दाखवून टाळ्या घेण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ म्हणून नाव येतं, एखाद्या लग्नाच्या प्रसंगात चेहरा दिसतो, संपलं. क्यूबर्टची पाहुणी भूमिका मला निराळी वाटते, कारण पडद्यावर येताना तो आपला सगळा पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतो. तो इतिहास ठाऊक नसलेल्यालाही त्याचं वजन जाणवतं, आणि ठाऊक झाल्यावर तर प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतो.

तो इतिहास शिकागोतल्या गॉटलिब कंपनीत सुरू होतो. डेव्हिड गॉटलिब यांनी १९२७ साली काढलेली ही कंपनी पिनबॉलची यंत्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. व्हिडिओ गेमची लाट आली तेव्हा तिलाही त्यात उतरावं लागलं. कंपनीतला चित्रकार जेफ ली याला डच चित्रकार एशर याची दृष्टिभ्रमाची चित्रं आवडत. त्या प्रभावाखाली त्याने घनांचा एक पिरॅमिड काढला. कागदावर पाहिलं तर हे नुसते षटकोन. पण प्रत्येकाचे तीन भाग तीन छटांनी रंगवले की डोळ्याला लगेच ठोकळे दिसू लागतात, वर-खाली पायऱ्या दिसतात. त्या काळच्या यंत्राला खरी त्रिमिती झेपणारी नव्हती. इथे ती फुकट मिळत होती.

वॉरन डेव्हिस हा कंपनीतला तरुण प्रोग्रामर. त्याला यंत्रात गुरुत्वाकर्षण आणि यदृच्छा कशी बसवायची याचा सराव करायचा होता. म्हणून त्याने त्या ठोकळ्यांवरून एक चेंडू टप्पे घेत खाली येईल असं केलं: प्रत्येक पायरीवर डावीकडे जायचं की उजवीकडे, हे यंत्राने स्वतःच ठरवायचं. मग जेफ लीने काढून ठेवलेल्या विचित्र प्राण्यांपैकी नारिंगी सोंडवाला त्या पिरॅमिडवर उभा राहिला. लीच्या मनात तो सोंडेतून गोळ्या झाडणार होता. डेव्हिसने ते काढून टाकलं. चार तिरक्या दिशांना उड्या मारायच्या, एवढंच खेळणाऱ्याच्या हातात ठेवलं. मग करायचं तरी काय? रॉन वॅक्समन या वरिष्ठाने सुचवलं की उडी पडली की ठोकळ्याचा रंग बदलू दे. तिथे गेम पूर्ण झाला.

सात ओळी, अठ्ठावीस ठोकळे. सगळ्यांचा रंग बदलला की पुढची पातळी. दरम्यान वरून चेंडू पडत राहतात. त्यातला एक जांभळा चेंडू तळाशी येऊन फुटतो आणि त्यातून कॉइली नावाचा साप निघून क्यूबर्टचा पाठलाग करतो. स्लिक आणि सॅम हे दोघे हिरवे उपद्व्यापी रंगवलेले ठोकळे पुन्हा बिघडवतात. अग आणि राँगवे यांना गुरुत्वाकर्षणाचा वेगळाच नियम लागू असतो. ते ठोकळ्यांच्या बाजूंवरून चालतात. पिरॅमिडच्या कडेला तरंगत्या चकत्या असतात. साप अगदी जवळ आला की त्यांतल्या एकीवर उडी घ्यायची. ती क्यूबर्टला शिखरावर पोचवते आणि मागोमाग झेपावलेला साप खाली कोसळतो. नियम एका मिनिटात समजतात, पण हाताला ते वळण पडायला बराच वेळ लागतो, कारण जॉयस्टिक तिरकी बसवलेली आहे. सरळ वर ढकलायची सवय झालेला हात इथे हटकून कडेवरून उडी मारतो.

आणि पडण्याचा आवाज. क्यूबर्ट पिरॅमिडवरून खाली पडला की यंत्राच्या लाकडी पेटीतून खरोखरचा ठोका ऐकू येई, स्पीकरमधून नव्हे. पिनबॉलच्या यंत्रात बक्षिसाचा डाव मिळाला की ‘ठक्’ वाजवणारा एक विजेवर चालणारा हातोडा असतो. गॉटलिबकडे असे हातोडे हवे तेवढे होते, त्यामुळे एका तंत्रज्ञाच्या सांगण्यावरून तो या पेटीत बसवला गेला. आवाज पडल्यासारखा दबका यावा म्हणून आधी त्याखाली फोम लावून पाहिला, पण खर्च वाढतो म्हणून फोम गेला आणि ठोका राहिला. जुना धंदा नव्या धंद्यात असा अक्षरशः ठोकून बसवलेला दुसरा नमुना मला माहीत नाही.

आता त्याच्या बोलण्याची गोष्ट, आणि माझ्या मते क्यूबर्टच्या सगळ्या पाहुण्या भूमिकांची किल्ली हीच आहे. ध्वनीचं काम डेव्हिड थील याच्याकडे होतं. यंत्रात व्होट्रॅक्स नावाची वाणी निर्माण करणारी चिप होती. तिला अक्षरध्वनींचे क्रमांक ओळीने पुरवायचे, ती ते जोडून शब्द उच्चारायची. थील तिच्याकडून नीट इंग्रजी वदवून घ्यायचा प्रयत्न करत होता. ‘बोनस’ म्हणायला लावलं की ऐकणाऱ्याला ‘बोगस’ ऐकू येई. वैतागून त्याने चिपला वाटेल ते क्रमांक यदृच्छेने पुरवले. तिच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं, पण ऐकताच कळत होतं की कुणीतरी चिडून, मनापासून शिव्या घालतंय. तोच आवाज क्यूबर्टला दिला. शत्रूने गाठलं की त्याच्या डोक्यावर फुगा येतो आणि त्यात व्यंगचित्रांत शिवीच्या जागी छापतात तशी चिन्हं उमटतात. लहान मुलं समोर असतानाही चालतील अशा शिव्या. शब्द नाही, तरी भाव शंभर टक्के.

गेम भरपूर चालला. सुमारे पंचवीस हजार यंत्रं विकली गेली. गॉटलिबला व्हिडिओ गेममध्ये मिळालेलं एवढं मोठं यश हे पहिलं आणि शेवटचं. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, कोलंबिया पिक्चर्स या चित्रपट कंपनीने गॉटलिब विकत घेतली होती. १९८२ साली खुद्द कोलंबिया कोका-कोलाकडे गेली. १९८३ साली गॉटलिबचं नाव बदलून मायलस्टार झालं आणि पुढच्याच वर्षी ती बंद पडली. डेव्हिसने क्यूबर्टची जास्त अवघड आवृत्ती बनवून ठेवली होती, ती तेव्हा बाजारात आलीच नाही. पिनबॉलचा धंदा एकाने उचलला, क्यूबर्टचे हक्क मात्र कोलंबियाकडे राहिले, आणि १९८९ साली सोनीने कोलंबिया घेतली तेव्हा हे पात्रही सोनीच्या खात्यात जमा झालं. ज्यांनी त्याला आकार दिला, चालवलं, बोलतं केलं ते पगारदार कर्मचारी होते. पात्राचं पुढे काय करायचं हे त्यांच्या हातात नव्हतं.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून स्टेशनातला तो प्रसंग पाहावा. पटकथेत क्यूबर्टचा गेम बंद पडलेला आहे. वास्तवात त्याची कंपनीच बंद पडली होती. राल्फ ज्या गेममध्ये काम करतो तो ‘फिक्स-इट फेलिक्स ज्युनिअर’ काल्पनिक आहे, बराचसा १९८१ च्या ‘डाँकी काँग’च्या धर्तीवरचा, त्याचं सालही लेखकांनी १९८२ ठेवलंय. चित्रपटात त्याचा तिसावा वाढदिवस साजरा होतो. म्हणजे राल्फ आणि क्यूबर्ट एकाच वर्षीचे. एकाचा गेम चालू राहिला, दुसऱ्याचा गेला. राल्फ स्वतः नाराज आहे. तीस वर्षं इमारत फोडायची, खलनायक म्हणून रोज चिखलात फेकलं जायचं आणि रात्री विटांच्या ढिगाऱ्यावर झोपायचं. पण ज्याला तेवढंही उरलं नाही असा समवयस्क त्याला वाटेत भेटतो, आणि तो चेरी देतो. राल्फ मनाने चांगला आहे हे प्रेक्षकाला पहिल्यांदा तिथे पटतं. शिवाय क्यूबर्टच्या शेजारी कोण बसलंय तेही पाहण्यासारखं आहे: कॉइली. ज्या सापाने इतकी वर्षं पाठलाग केला तोच आता त्याच्यासोबत फुटपाथवर आहे. गेम गेल्यावर वैर कशासाठी धरायचं! याबद्दल एक शब्दही न बोलता दिग्दर्शक रिच मूर याने हे नुसतं बसवलंय.

या चित्रपटात पाहुण्यांची रीघच आहे. पॅकमॅनच्या गेममधल्या भुतांच्या कोंडवाड्यात खलनायकांची दर आठवड्याची बैठक भरते. अध्यक्षस्थानी नारिंगी भूत क्लाइड, आजूबाजूला मारिओचा शत्रू बाऊझर, सॉनिकचा शत्रू डॉक्टर एगमन, ‘स्ट्रीट फायटर’मधला झँगीफ. वाढदिवसाच्या मेजवानीत पॅकमॅन खात सुटलेला असतो. सॉनिक स्टेशनातल्या पडद्यावरून सूचना देतो की आपल्या गेमबाहेर मेलात तर पुन्हा जिवंत होणार नाही. ही सूचना पुढे कथेचा कणा होते. ‘टॅपर’ हा १९८३ चा गेम मुळात दारूच्या गुत्त्यांसाठी बिअरच्या जाहिरातीसह बनला होता आणि मुलांच्या पार्लरसाठी त्याची रूट बिअरची आवृत्ती काढली गेली. चित्रपटात पात्रं जिथे बसून मन मोकळं करतात ते ठिकाण या दुसऱ्या आवृत्तीतलं आहे. प्रत्येक पाहुण्यासाठी मूळ मालकाची परवानगी लागली. बाऊझरने कॉफीचा कप कसा धरावा इथवर निन्टेन्डोकडून सूचना आल्याचं सांगितलं जातं. क्यूबर्टसाठी तर डिस्नेला सोनीकडे, म्हणजे आपल्या प्रतिस्पर्धी स्टुडिओच्या दारात जावं लागलं.

या गर्दीतले बरेचसे दिसतात आणि जातात. क्यूबर्ट मात्र दोनदा परत येतो. राल्फ भलत्याच गेममध्ये शिरलाय हे त्याने पाहिलेलं असतं, म्हणून तो धावत जाऊन राल्फच्या गेमचा नायक फेलिक्स याला सांगतो. फेलिक्सला क्यूबर्टची भाषा थोडीफार येते. म्हणजे थीलच्या चिपमधून निघालेली ती निरर्थक बडबड चित्रपटात एक खरीखुरी भाषा मानली गेली, शिकलेल्याला ती समजते, आणि तिच्यातून पोचलेल्या निरोपावर कथा वळण घेते. शेवटी क्यूबर्ट आणि मंडळींना फेलिक्सच्याच गेममध्ये बोनस पातळीत काम मिळतं. बेघराला भाकरी देऊन वाटेला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चित्रणाची बाजूही सांगायला हवी. क्यूबर्टचं मूळ चित्र मूठभर चौकोनी ठिपक्यांचं होतं. ते फुगवून गोल, मऊ, उजेड-सावली असलेलं शरीर करताना त्याचा आकार हरवण्याची भीती असते. इथे सोंड, दोन मोठे डोळे आणि दोन पाय एवढंच ठेवलंय. हात दिलेले नाहीत. जुन्या गेमच्या जगाची चालही सांभाळली आहे. फेलिक्सच्या इमारतीतली ठेंगणी माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी झटक्यात जातात, मधल्या हालचाली गाळलेल्या. एरवी अ‍ॅनिमेशनचं सगळं शिक्षण हालचाल वळणदार आणि सलग करण्याचं असतं. इथे ते मुद्दाम विसरावं लागलं.

आपल्याकडे या पात्रांची ओळख वेगळ्या वाटेने झाली. ऐंशीच्या दशकातली अमेरिकन यंत्रं आपल्या गल्लीबोळांपर्यंत फारशी आलीच नाहीत. नव्वदच्या दशकातल्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळलेल्यांना आठवतो तो ‘स्ट्रीट फायटर’, आणि ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, ज्याला आपण सगळे त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या हिरोवरून ‘मुस्तफा’च म्हणायचो. घरी टीव्हीला जोडलेल्या स्वस्त कन्सोलवर मारिओ आणि काँट्रा. त्यामुळे खलनायकांच्या बैठकीत झँगीफ बोलायला उभा राहिला की आमच्या पिढीला जुना दोस्त भेटल्यासारखं होतं. क्यूबर्टच्या बाबतीत ती सोय नाही. तरीही तो पोचतो, हे मला भिलाईत दिसलं.

भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं मुंबई-हावडा मार्गावरच्या या गावात स्थिरावली. आता वस्ती जुनवानीपर्यंत पसरलीय. तिथे मॉल आहे, कॉलेजं आहेत, सोसायट्या आहेत. जुनवानीत माझ्या बहिणीकडे गेलो होतो तेव्हा भाचा हाच चित्रपट पाहत होता. वय आठ, शाळेत हिंदी-इंग्रजी, आजीशी वऱ्हाडी वळणाची मराठी. क्यूबर्ट बडबडला तसं त्याने विचारलं, “मामा, हा काय बोलून राहिला?” मी गेम, कंपनी, चिप असं काही सुरू करणार तोच त्याने हातानेच थांबवलं. “समजलं. घर गेलं ना त्याचं, म्हणून चिडला.” मग जराशाने, “साप पण सोबत आहे. सापाचं पण गेलं.” चित्रपटाने जे बोलून दाखवलेलं नव्हतं ते त्याला आपसूक दिसलं होतं. पात्राची आधी ओळख असेल तरच पाहुणी भूमिका पोचते असं मानणाऱ्यांनी हा प्रेक्षक ध्यानात घ्यावा.

क्यूबर्ट पडद्यावर पहिल्यांदा आला तो ‘राल्फ’च्या खूप आधी. १९८३ साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘सॅटर्डे सुपरकेड’ नावाची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. आर्केडमधली पात्रं घेऊन वेगवेगळे भाग. डाँकी काँग, फ्रॉगर आणि क्यूबर्टही. तिथे क्यूबर्टला पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गावातला शाळकरी पोरगा केलं होतं. तो सरळ इंग्रजी बोले. गंमत म्हणजे सोंडेतून काळा तेलकट गोळा उडवण्याची विद्या त्याला तिथे मिळाली. जेफ लीची डेव्हिसने बाजूला ठेवलेली कल्पना अशी मागच्या दाराने परत आली. मालिका आज कुणी काढून पाहत नाही आणि त्यात फारसं गमावल्यासारखंही नाही. पात्राचं नाव आणि रंग घ्यायचा आणि आत दुसराच कुणी भरायचा, हा तिचा दोष होता.

तोच दोष २०१५ साली, आणि तोही खुद्द मालकाच्या घरात घडावा याचं मला वाईट वाटतं. पॅट्रिक जाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने २०१० साली ‘पिक्सेल्स’ नावाचा छोटासा लघुपट केला होता. न्यूयॉर्कवर जुन्या गेममधली पात्रं तुटून पडतात आणि शहराचे ठोकळे होत जातात, एवढंच त्यात आहे, आणि तो सुंदर आहे. त्यावरून सोनीने त्याच नावाचा मोठा चित्रपट काढला. दिग्दर्शक क्रिस कोलंबस, माणसं खरी, गेमची पात्रं संगणकावर बनवलेली. हक्क सोनीचेच, त्यामुळे क्यूबर्टला मोठी जागा मिळाली. परग्रहवासीयांशी लढाईचा एक डाव जिंकल्यावर माणसांना बक्षीस म्हणून तो मिळतो आणि मग चित्रपटभर सोबत राहतो. दिसायला लोभस आहे. ठिपक्यांचे चौकोन अंगावर चमकत राहतील अशी त्याची घडण मला ‘राल्फ’मधल्यापेक्षाही आवडली. पण तो इंग्रजी बोलतो. गोड, समजूतदार, लहान मुलासारखं इंग्रजी. आणि शेवटी त्याचं रूपांतर भलत्याच गेममधल्या एका सुंदर योद्धा स्त्रीत होतं, कारण एका पात्राला जोडीदार द्यायची असते. ज्या स्टुडिओने परवानगी मागून घेतली त्याने त्याचा आवाज जपला. ज्याच्या मालकीचा तो होता त्याने तोच काढून घेतला.

क्यूबर्ट बोलायला लागला की बाकी फार काही उरत नाही, हे त्यातल्या कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? तो दुबळा आहे, हात नाहीत, शस्त्र नाही, पळण्याखेरीज उपाय नाही. शत्रूने गाठलं तर चिडून शिव्या देण्याएवढीच त्याची ताकद. त्या शिव्यांना अर्थ नसल्याने त्या सगळ्यांच्या होतात, जुनवानीतल्या पोरापासून शिकागोतल्या कामगारापर्यंत. त्याला अस्खलित भाषा दिली की तो चार गोड कार्टूनांतलं पाचवं कार्टून होतो.

२०१४ साली ‘क्यूबर्ट रिबूटेड’ नावाने नवा गेम आला, त्यात जुना मूळ गेमही दिला होता. ज्यांना मुलांना ‘रेक-इट राल्फ’ दाखवायचा आहे त्यांनी आधी किंवा नंतर तो मूळ गेम जरूर खेळायला द्यावा. संगणकाच्या बाणांच्या बटणांवर तिरक्या उड्या मारताना पहिली काही मिनिटं नुसती गडबड होते, आणि ती व्हायलाच हवी. भाच्याला मी तो दिला तेव्हा पहिल्या पातळीतच तो तीनदा कडेवरून गेला. मग शत्रूने गाठलं आणि क्यूबर्टच्या डोक्यावर चिन्हांचा फुगा उमटला तेव्हा पोराने त्याच्याच सुरात, त्याच्याच भाषेत उत्तर दिलं आणि लगेच नवा डाव लावला.